इंटरनेटची तालिका करायला निघालेले ग्रंथपाल: ओसीएलसीच्या प्रयोगाचा प्रकरण अभ्यास

१९९१ साली ओसीएलसी या अमेरिकी ग्रंथालय-सहकारी संस्थेने तिथल्या शिक्षण खात्याच्या अनुदानावर एक प्रकल्प हाती घेतला. संस्थेचं मुख्यालय ओहायो राज्यात, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनमध्ये. मार्टिन डिलन, एरिक जूल आणि त्यांचे सहकारी ज्या प्रश्नाला भिडले तो असा: इंटरनेटवर जे साठत चाललं आहे, त्याचं तालिकीकरण, म्हणजे कर्ता-शीर्षक-विषय टिपून शोधता येईल अशी नोंद करणं, पुस्तकांसारखं करता येईल का? १९९३ मध्ये त्यांचा अहवाल आला. उत्तर होतं, येईल. सध्याचे नियम आणि नोंदीचा सध्याचा आराखडा थोड्या बदलांनी पुरेसा आहे.

पुढच्या सात-आठ वर्षांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सर्च इंजिन आली, माणसांनी केलेल्या याद्या मागे पडल्या आणि ‘ग्रंथपालांचं भाकीत खोटं ठरलं’ हे वाक्य रूढ झालं. मला ते अर्धवट वाटतं. या प्रयोगात बांधलेले अंदाज एक-एक करून तपासले तर काही साफ चुकले, काही अनपेक्षित जागी खरे ठरले आणि एक अंदाज मराठीसारख्या भाषांच्या बाबतीत आजही लागू आहे. म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहायला हवं.

तेव्हा इंटरनेट म्हणजे काय होतं

१९९१-९२ चं इंटरनेट आज डोळ्यांसमोर आणणं कठीण आहे. टिम बर्नर्स-ली यांचं वर्ल्ड वाइड वेब नुकतंच सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतून बाहेर पडत होतं. लोक वापरत ते ई-मेल, टेलनेट (दूरच्या संगणकात लॉगिन) आणि मुख्यतः एफटीपी (फायली पाठवण्या-उतरवण्याची पद्धत). विद्यापीठं आपल्या सर्व्हरवर फायली ठेवत. कुणीही ‘अनॉनिमस’ या नावाने लॉगिन करून त्या उतरवून घ्यायच्या. कुठली फाईल कुठे आहे हे कळण्यासाठी १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अॅलन एमटाज यांनी ‘आर्ची’ बनवलं होतं. आर्ची ठिकठिकाणच्या सर्व्हरवरच्या फायलींची नावं गोळा करून ठेवत असे. फक्त नावं. फाईलच्या आत काय आहे हे त्याला माहीत नसे. १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून ‘गोफर’ आलं. त्यात पायरीपायरीने मेन्यू उघडत जायचं. १९९२ मध्ये नेवाडा विद्यापीठातलं ‘व्हेरॉनिका’ आलं, ते या मेन्यूंमधली शीर्षकं शोधून देई.

म्हणजे भाकीत केलं गेलं तेव्हा यंत्रांची धाव बहुतांशी नावापर्यंत आणि शीर्षकापर्यंतच होती. मजकुराच्या आत शिरून शोधणाऱ्या ‘वेस’सारख्या प्रणाली होत्या, पण त्या निवडक, आधीच तयार करून ठेवलेल्या संग्रहांपुरत्या. नाव ‘रीडमी’ आणि आत एखाद्या संशोधनाची संपूर्ण आकडेवारी, असा प्रकार सर्रास असे. अशा ठिकाणी वर्णन लिहिणारा माणूस लागेल, हे अनुमान त्या दिवसांत कुणीही जाणकाराने काढलं असतं.

ओसीएलसीच्या आत्मविश्वासाला आणखी एक भक्कम कारण होतं. १९६७ मध्ये फ्रेडरिक किल्गोर यांच्या पुढाकाराने ओहायोतल्या महाविद्यालयांची ग्रंथालयं एकत्र आली आणि २६ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांची सामाईक संगणकीय तालिका सुरू झाली. पद्धत साधी. एका ग्रंथालयाने पुस्तकाची नोंद एकदा केली की बाकीच्यांनी ती उतरवून घ्यायची. त्याआधी प्रत्येक ग्रंथालयात तालिकाकार त्याच पुस्तकाची नोंद पुन्हा नव्याने करत बसत. या पद्धतीने वीस वर्षांत कोट्यवधी नोंदी उभ्या राहिल्या. इतकं मोठं काम वाटून घेऊन उरकल्यावर, इंटरनेटचंही तसंच वाटून घेऊ असं वाटलं तर त्यात वावगं काय?

फाईलला शीर्षकपृष्ठ नसतं

प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रत्यक्ष चाचणी. इंटरनेटवरून फायलींचा नमुना घेण्यात आला आणि तो कसलेल्या तालिकाकारांपुढे ठेवण्यात आला. हाताशी असलेली साधनं नेहमीचीच: अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांची दुसरी आवृत्ती आणि मार्क हा यंत्रवाचनीय नोंदीचा आराखडा.

ज्यांनी ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात हाताने तालिकापत्रं लिहिली आहेत, त्यांना इथली अडचण लगेच कळेल. पुस्तकाची नोंद शीर्षकपृष्ठ पाहून होते. कर्ता, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष यांच्या जागा शेकडो वर्षांच्या मुद्रणव्यवहाराने ठरलेल्या आहेत. सर्व्हरवरच्या फाईलला यातलं बहुतेक काही नसतं. तिचा प्रकाशक कोण, जिने लिहिली ती व्यक्ती की ज्यांच्या यंत्रावर ती पडून आहे ते विद्यापीठ? काल दुरुस्त केलेली फाईल ही नवी आवृत्ती मानायची का? पानं किती, उंची किती सेंटिमीटर, हे तर विचारायलाच नको. दूरवरून वापरायच्या फायलींसाठी भौतिक वर्णनाचा रकाना नियमानुसारच रिकामा सोडायचा होता.

तरीही नोंदी झाल्या. मार्कच्या आराखड्यात उरलेली मोठी उणीव एकच निघाली: वस्तू कुठे आहे हे सांगायला जागा नव्हती. पुस्तकाच्या बाबतीत बोधांक, म्हणजे पाठीवरचा कपाटातली जागा सांगणारा क्रमांक, ते काम करतो. वाचक बोधांक घेतो आणि कपाटापाशी जातो. इंटरनेटवरच्या वस्तूसाठी १९९३ मध्ये ८५६ क्रमांकाचं नवं क्षेत्र मंजूर झालं. ‘इलेक्ट्रॉनिक ठिकाण आणि प्रवेश’ असं त्याचं काम. आज जगातल्या कुठल्याही ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत पुस्तकाच्या नोंदीखाली ई-आवृत्तीची लिंक दिसते, ती बहुतेक वेळा या ८५६ मध्येच बसलेली असते.

या क्षेत्राचे उपविभाग वाचताना त्या काळाचं इंटरनेट समोर उभं राहतं. यजमान संगणकाचं नाव, फाईलपर्यंतचा मार्ग, फाईलचं नाव, लॉगिन, पासवर्ड, फाईलचा आकार, मदतीसाठी संपर्क, आणि तो संगणक दिवसाच्या कुठल्या वेळात उपलब्ध असतो याच्यासाठीही स्वतंत्र उपविभाग. प्रवेशाची पद्धत दाखवायला अंक ठरवले होते: ई-मेल, एफटीपी, दूरस्थ लॉगिन, डायल-अप. वेबच्या एचटीटीपीसाठी अंक नव्हता. तो काही वर्षांनी घालावा लागला. पूर्ण यूआरएल (वेबपत्ता) लिहायचा उपविभागही १९९४ मध्ये आला. भाकीत करणाऱ्यांनी जे इंटरनेट मोजलं, ते अहवाल छापून होईपर्यंत बदललं होतं.

तरी ८५६ टिकलं, कारण त्याची रचना एका विशिष्ट तंत्रापेक्षा ‘नोंद इथे, वस्तू तिथे’ या नात्यावर उभी होती. तंत्र बदललं तसे अंक वाढवत गेले. या प्रयोगातलं हे सर्वांत टिकाऊ फळ आहे, आणि त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

इंटरकॅट, आणि सहकाराचं गणित कुठे बिघडलं

ऑक्टोबर १९९४ मध्ये पुढचा टप्पा सुरू झाला. पुन्हा शिक्षण खात्याचं अनुदान, पुन्हा एरिक जूल. या वेळी स्वेच्छेने सहभागी झालेल्या दोनशेहून अधिक ग्रंथालयांनी इंटरनेटवरची साधनं निवडायची, त्यांच्या मार्क नोंदी करायच्या आणि ८५६ भरायचं. या नोंदींची तालिका ‘इंटरकॅट’ नावाने वेबवर उघडी ठेवली गेली. नोंद शोधा, लिंकवर टिचकी मारा, वस्तूपाशी पोहोचा. नॅन्सी ओल्सन यांनी तालिकाकारांसाठी मार्गदर्शिका लिहिली. जानेवारी १९९६ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनिओत या विषयावर परिसंवादही भरला.

आक्षेप दोन होते. एक, इंटरनेटवर बहुतेक केरकचरा आहे. दोन, तिथलं काहीच टिकत नाही. आज नोंद करावी तर उद्या वस्तू गायब. पहिल्या आक्षेपाचं उत्तर सोपं होतं आणि ते बरोबरही होतं. ग्रंथालय छापलेला प्रत्येक कागद कधीच घेत नाही; निवड हाच ग्रंथपालाचा धंदा. दुसऱ्या आक्षेपावर ओसीएलसीने तांत्रिक तोड काढली. ‘पर्ल’ नावाचा टिकाऊ पत्ता द्यायचा. वाचक त्या पत्त्यावर आला की मधला सर्व्हर त्याला सध्याच्या खऱ्या पत्त्यावर पाठवेल. खरा पत्ता बदलला तर एका जागी दुरुस्ती केली की पुरे. ही सेवा १९९६ च्या सुरुवातीला चालू झाली. २०१६ मध्ये ओसीएलसीने ती इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयाकडे सोपवली आणि ती आजही चालते.

इंटरकॅटमध्ये जमल्या त्या काही हजार नोंदी. त्याच सुमारास, डिसेंबर १९९५ मध्ये, अल्टाव्हिस्टा हे सर्च इंजिन लोकांपुढे आलं आणि त्याच्या सूचीत पहिल्यापासून लक्षावधी पानं होती, तीही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

आकड्यांची ही दरी पाहून लोक म्हणतात की माणसं यंत्राच्या वेगापुढे हरली. ते खरं आहे, पण त्याने सगळं उलगडत नाही. वेग हीच अडचण असती तर आणखी ग्रंथालयं जोडून ती काही अंशी भागवता आली असती. खरी गोम सहकाराच्या हिशेबात होती. सामाईक तालिकीकरण पुस्तकांच्या बाबतीत परवडलं, कारण एकाच पुस्तकाच्या हजार प्रती हजार ग्रंथालयांत असतात. एक नोंद केली की नऊशे नव्याण्णव नोंदींचे श्रम वाचतात. शिवाय पुस्तक बदलत नाही. १९७१ ची नोंद १९९१ मध्येही तितकीच खरी असते. वेबपानाची प्रत जगात एकच. तिची नोंद एकाने केली तर कुणाचे हजार वेळचे श्रम वाचत नाहीत, कारण ते पान कुठल्याच ग्रंथालयाने विकत घेतलेलं नाही, कुणाच्या दाखल-नोंदवहीत ते चढलेलं नाही. आणि ती नोंद एकदा करून संपत नाही. पान हललं की दुरुस्ती, पान बदललं की वर्णनात बदल, पान गेलं की नोंद काढणं. पुस्तकाच्या नोंदीचा खर्च एकदाच. वेबपानाच्या नोंदीचा खर्च दर महिन्याचा. मार्च १९९७ मध्ये इंटरनेट आर्काइव्हचे संस्थापक ब्रूस्टर काले यांनी दिलेला अंदाज होता की एका यूआरएलचं सरासरी आयुष्य ४४ दिवस आहे. ४४ दिवसांच्या वस्तूसाठी शंभर वर्षं टिकणारी नोंद करायची, हे गणित जुळणारं नव्हतं.

ओसीएलसीने पुढेही प्रयत्न सोडले नाहीत. १९९६ मध्ये निवडक साधनांचा ‘नेटफर्स्ट’ संग्रह आला, पानांना ड्यूई वर्गांक (ग्रंथालयातला विषयवार क्रमांक) आपोआप सुचवणारा ‘स्कॉर्पियन’ हा संशोधन प्रकल्प झाला, १९९९ मध्ये ‘कॉर्क’ हा नवा सामाईक प्रकल्प आला आणि यथावकाश संस्थेच्या नेहमीच्या तालिकीकरण सेवेत विरून गेला.

लेखकानेच आपली नोंद करावी

ग्रंथपालांनी सगळं करायचं हे जमणार नाही, हे ओसीएलसीतल्याच काही जणांना लवकर उमगलं होतं. ऑक्टोबर १९९४ मध्ये शिकागोत वेबची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे स्टुअर्ट वायबेल, एरिक मिलर, युरी रुबिन्स्की, जोसेफ हार्डिन आदींच्या गप्पांतून एक कल्पना निघाली. तेव्हा वेबवर शोधता येण्याजोग्या वस्तू सुमारे पाच लाख होत्या, आणि तेवढ्यातही हवं ते सापडत नव्हतं! १ ते ३ मार्च १९९५ या काळात डब्लिनमध्ये बैठक झाली. ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ आणि मजकूर यंत्रासाठी खुणांनी बांधण्याच्या पद्धतींवर काम करणारे असे ५२ जण होते. त्यांनी १३ घटकांची एक छोटी यादी ठरवली: विषय, शीर्षक, कर्ता, प्रकाशक, इतर सहभागी, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखखूण, संबंध, स्रोत, भाषा, व्याप्ती. गावावरून तिला डब्लिन कोअर हे नाव पडलं. १९९६ मध्ये चित्रांविषयीच्या बैठकीनंतर वर्णन आणि हक्क हे दोन घटक वाढून संख्या १५ झाली. २००३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक बनली.

मार्कमध्ये शेकडो क्षेत्रं आणि उपविभाग. इथे पंधरा रकाने, सगळे ऐच्छिक, कुणीही भरावेत. भाकीत असं होतं की पान लिहिणारा माणूसच हे रकाने भरून पानाच्या शीर्षभागात ठेवील आणि शोधयंत्रं ते वाचतील. अर्थात, इतक्या साध्या यादीवर सगळे खूश नव्हते. मार्च १९९७ च्या कॅनबेरा बैठकीत दोन तट स्पष्ट दिसले: रकाने जितके साधे तितके लोक भरतील म्हणणारे, आणि ‘दिनांक म्हणजे कुठला, लिहिल्याचा की दुरुस्तीचा’ हे सांगितल्याशिवाय रकान्याला अर्थ नाही म्हणणारे. दुसऱ्या तटाचं म्हणणं मला तर्काला धरून वाटतं, पण वेबवर त्या वादाचा निकाल तिसऱ्याच कारणाने लागला.

स्टीव्ह लॉरेन्स आणि ली जाइल्स यांनी १९९९ मध्ये वेबचं मोजमाप केलं. पानं सुमारे ८० कोटी निघाली आणि एकाही शोधयंत्राच्या सूचीत त्यातली १६ टक्क्यांहून जास्त नव्हती. त्याच पाहणीतला मेटाडेटाचा, म्हणजे पानाबद्दलच्या वर्णनात्मक माहितीचा, आकडा आमच्या क्षेत्राने विसरू नये असा आहे. मुखपृष्ठावर साधे ‘कीवर्ड’ किंवा ‘वर्णन’ टॅग ३४ टक्के साइटींनी दिले होते. डब्लिन कोअर वापरणाऱ्या साइटी होत्या ०.३ टक्के.

आणि ज्यांनी टॅग भरले त्यातल्या बऱ्याच जणांनी ते लबाडीसाठी भरले. पानावर एक मजकूर, वाचकाला न दिसणाऱ्या टॅगमध्ये भलतेच लोकप्रिय शब्द. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी हे थेट नोंदवलं आहे: शोधयंत्रांच्या संदर्भात मेटाडेटाचे प्रयत्न बहुतांशी फसले, कारण वापरणाऱ्याला न दिसणारा मजकूर यंत्राला फसवण्यासाठी वापरला जातो. ग्रंथालयात तालिकाकार हा तिसरा माणूस असतो. त्याला पुस्तक खपण्यात रस नसतो, म्हणून त्याच्या विषयशीर्षकावर वाचक विसंबतो. लेखकाच्या हाती नोंद दिल्यावर हा तिऱ्हाईतपणा गेला, आणि डब्लिन कोअरच्या आखणीत त्याची भरपाई कुठेच नव्हती.

यंत्र जिंकलं, पण कुणाच्या बळावर

याहूची निर्देशिका हे माणसांनी केलेल्या वर्गीकरणाचं सर्वांत यशस्वी उदाहरण. स्टॅनफर्डमधल्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आवडीच्या पानांची यादी म्हणून ती सुरू केली. १९९५ मध्ये श्रीनिजा श्रीनिवासन तिथे आल्या आणि त्यांनी वर्गांची रचना सांभाळली. एका वर्गातून दुसऱ्या वर्गाकडे पाठवणाऱ्या दुव्याच्या शेवटी ‘@’ हे चिन्ह असे. तालिकेतल्या, वाचकाला दुसऱ्या शीर्षकाकडे धाडणाऱ्या ‘पाहा’ नोंदीचंच ते काम. पुढे १९९८ मध्ये स्वयंसेवी संपादकांवर चालणारी ‘डीमॉझ’ आली. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस बंद झाली, डीमॉझ मार्च २०१७ मध्ये.

ब्रिन आणि पेज यांनी अशा याद्यांविषयी लिहिलं होतं की त्या लोकप्रिय विषय चांगले सांभाळतात, पण व्यक्तिनिष्ठ असतात, बांधायला आणि राखायला महाग असतात, हळू सुधारतात आणि आडवळणाचे विषय त्यांच्या आवाक्यात येत नाहीत. हे चारही मुद्दे बरोबर होते. मात्र या निबंधाची दुसरी बाजूही पाहावी. गूगलचं काम ज्या स्टॅनफर्ड प्रकल्पात सुरू झालं तो डिजिटल ग्रंथालयांसाठीच्या अमेरिकी सरकारी उपक्रमाचा भाग होता. आणि पेजरँकची मूळ कल्पना, म्हणजे ज्या पानाकडे जास्त आणि वजनदार दुवे येतात ते पान महत्त्वाचं, ही ग्रंथालयशास्त्राला ओळखीची होती. यूजीन गार्फील्ड यांची विज्ञान-संदर्भ सूची १९६४ पासून प्रसिद्ध होत होती. कुठला शोधनिबंध किती जणांनी आधाराला घेतला यावरून त्याचं वजन ठरवण्याची पद्धत तिथून रुजली. गूगलने तालिकाकाराचा निर्णय घालवला आणि त्या जागी लाखो लेखकांचे छोटे-छोटे निर्णय मोजले. तिऱ्हाईताची साक्ष परत आली, फक्त ती द्यायला कुणी बसलेलं नव्हतं; लोक आपापली पानं लिहिताना नकळत ती देत होते.

ग्रंथालय-तंत्रज्ञानाचे अभ्यासक क्लिफर्ड लिंच यांनी मार्च १९९७ मध्ये मांडलेला अंदाज मला या सगळ्यांत सर्वांत समतोल वाटतो. वेब हे ग्रंथालय म्हणून घडवलेलंच नाही, म्हणून यंत्राची सूची आणि ग्रंथपालाची निवड व वर्णन दोन्ही लागतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ते तेव्हा मधला मार्ग काढल्यासारखं वाटलं असेल. पण यंत्राला स्वतःच्या बळावर कुठवर जाता येतं हे पाहिलं की त्याचं मोल कळतं.

जिथे यंत्राला वाचता येत नाही

सर्च इंजिनांचा विजय एका गृहीतकावर उभा आहे: मजकूर यंत्राला वाचता येतो. इंग्रजीपुरतं ते १९९५ मध्येही खरं होतं. मराठीपुरतं नव्हतं. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संगणकीय संकेतप्रणालीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी १९९१ मध्येच होती आणि तिच्यामागे आपल्याच देशात झालेलं इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतप्रणालीचं काम होतं. तरी त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मराठी वृत्तपत्रांच्या साइटी, प्रकाशकांची पुस्तकं आणि विद्यापीठांतले प्रबंध स्वतंत्र फॉन्टांमध्ये टंकले जात राहिले. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला रोमन अक्षरांचा अर्थहीन चिवडा मिळतो. असा मजकूर कितीही ताकदीच्या शोधयंत्राला सापडत नाही.

शोधगंगा हे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार पाहा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांमुळे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणं बंधनकारक झालं आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या या भांडारात महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मराठी प्रबंधही आले. भांडार चालतं डीस्पेस या प्रणालीवर, आणि डीस्पेसच्या नोंदीचा साचा आहे डब्लिन कोअरचा. डब्लिनच्या त्या बैठकीत ठरलेले रकाने आज एखाद्या मराठी संतसाहित्यावरच्या प्रबंधाचं शीर्षक, संशोधक, मार्गदर्शक, भाषा आणि विषयशब्द सांभाळत आहेत. वेबच्या पानांवर ०.३ टक्क्यांत अडकलेलं मानक भांडारांमध्ये सर्वत्र पसरलं, कारण तिथे नोंद भरणं ही एका माणसाची नेमून दिलेली जबाबदारी असते आणि प्रबंध दर आठवड्याला बदलत नाही. ग्रंथपालांचं १९९५ चं भाकीत जिथे वस्तू स्थिर आहे आणि जबाबदार माणूस आहे, तिथे खरं ठरलं.

आता त्याच नोंदी बारकाईने पाहिल्या तर दुखणं दिसतं. जुन्या फॉन्टातल्या किंवा नुसत्या स्कॅन केलेल्या प्रबंधाचा आतला मजकूर शोधात येत नाही, म्हणजे तो सापडण्याचा सगळा भार त्या चार-पाच रकान्यांवर असतो. आणि नेमकं तिथेच शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, विषयशब्द कधी इंग्रजीत, कधी नाहीतच.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या जुनी पुस्तकं स्कॅन करण्याच्या प्रकल्पातल्या पुस्तकांचं हेच झालं. ती पुस्तकं आज इंटरनेट आर्काइव्हवर मोठ्या संख्येने आहेत, त्यात एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली असंख्य मराठी पुस्तकं आहेत. शीर्षकं रोमन लिपीत, आणि रोमन करण्याची रीत एक नाही. ‘ज्ञानेश्वरी’तल्या ‘ज्ञ’ला कुणी ‘डीएनवाय’ने सुरुवात करतो, कुणी ‘जेएन’ने, कुणी ‘जीवाय’ने. ‘श’ आणि ‘ष’ एक होतात, ऱ्हस्व-दीर्घ गळतं, लेखकाचं आडनाव कधी आधी कधी नंतर. पुस्तक जगाला खुलं आहे, फुकट आहे, पानन्‌पान तिथे आहे, आणि तरी अभ्यासकाच्या हाती लागत नाही. अशा वेळी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची शंकर गणेश दाते यांनी केलेली ग्रंथसूची बाजूला उघडून बसावं लागतं: नेमकं शीर्षक, वर्ष, प्रकाशनस्थळ तिच्यात पाहायचं आणि मग रोमन स्पेलिंगचे संभाव्य प्रकार एक-एक करून शोधपट्टीत घालायचे. १९४३ मध्ये छापलेली सूची इंटरनेटवरच्या पुस्तकांची वाट दाखवते आहे.

मोडीतल्या कागदपत्रांची गोष्ट याहून पुढची. पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर रुमालांत बांधलेलं आहे. त्याच्या प्रतिमा करता येतात, पण त्या प्रतिमेतली धावती मोडी अचूक वाचणारं यंत्र नेहमीच्या वापरात आलेलं नाही. तोवर रुमालाची यादी, कागदाचा दिनांक, गाव, व्यक्ती आणि विषय यांची माणसाने केलेली नोंद हाच त्या कागदापर्यंतचा रस्ता आहे.

छापील देवनागरीचं यंत्रवाचन गेल्या काही वर्षांत बरंच सुधारलं आहे, आणि जुन्या स्कॅन प्रतींचा मोठा हिस्सा त्यामुळे शोधात येईल अशी आशा धरायला जागा आहे. ते होईपर्यंत विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी करण्याजोगं काम हाताशी आहे. प्रबंध भांडारात चढवताना शीर्षक आणि संशोधकाचं नाव देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिपींत भरावं, रोमनसाठी एकच ठरलेली लिप्यंतर पद्धत सर्व विद्यापीठांनी घ्यावी, मराठी विषयशब्दांची सामाईक यादी करावी, आणि जुन्या फॉन्टातल्या प्रबंधाचा सारांश व अनुक्रमणिका युनिकोडमध्ये पुन्हा टंकून नोंदीला जोडावी. रकाने १९९५ पासून तयार आहेत आणि प्रणाली चालू आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे रकाने भरण्यासाठी तालिकाकाराचं पद मंजूर हवं आणि ते भरलेलंही हवं.